डोळ्यांनी चालणारी आत्या

माझ्या आत्याच्या हातून कधी काही सांडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. कचेऱ्यांच्या गल्लीत एक खाणावळ होती. तिथे ती ऐन विशीत वाढपाच्या कामाला लागली आणि तिथलीच होऊन गेली. दुपारच्या सुट्टीत सगळी गल्ली एकदम आत शिरायची, खुर्च्या कमी पडायच्या, आणि त्या गर्दीतून आत्या डावा तळवा खांद्याशी उलटा धरून, त्यावर भला थोरला ट्रे पेलून चालत यायची. ट्रेवर सुपाचे वाडगे, चहाचे काठोकाठ कप. स्वयंपाकघराचं झुलतं दार ती कमरेने ढकलायची आणि तोंडाने कोणाची तरी फिरकी घेत असायची.

आचारी ट्रेवर एकेक वाडगा ठेवत जाई तेव्हा ती त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याच कोणाशी बोलत असे. वजन वाढत जाई, पण ट्रे तसूभर खाली जात नसे. एखादं गिऱ्हाईक मधेच हात घालून कडेचा कप उचली, तरी ट्रे ना हले ना डुले. रोजच्या मंडळींनी तिचं नाव ‘तराजू’ ठेवलं होतं. आत्याला त्यात काही विशेष वाटत नसे. "हात करतो, मी काय करते?" असं ती म्हणायची.

मी कॉलेजसाठी तिच्या घरी येऊन राहिले. तिला मूलबाळ नव्हतं, मी आयती मिळाले. घरात तिसरे आतोबा. नळजोडणीची कामं करायचे, बोलायचे बेताचंच, पण बोलले की नेमकं बोलायचे. आत्या दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून यायची आणि उरलेलं आमच्याशी बोलायची, त्यामुळे घरात बोलण्याची उणीव अशी कधी भासली नाही.

ती पन्नाशीला आली त्या वर्षी तिला ताप आला. पोटही बिघडलं होतं. आठवडाभर अंथरुणात पडून राहिली, ताप उतरला, आम्ही म्हटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी सावकाश गेले.

"मला जरा धर," ती म्हणाली. "खाली पलंगच नाहीये."

पलंग होता. ती त्यावर झोपली होती. पण तिला तो लागत नव्हता. ती म्हणाली, हवेत तरंगल्यासारखं वाटतंय, आणि हे सांगताना तिचा उजवा हात आपोआप वर उठला, इकडेतिकडे फिरला आणि तिच्याच नाकावर आदळला. तिने त्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

आतोबांनी तिला उठवून बसवायचा प्रयत्न केला तर ती चिंध्यांच्या बाहुलीसारखी एका अंगावर कलंडली. अर्धांगवायू झाला असं समजून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "माझी बोटं दाबा." आत्याने दाबली. डॉक्टरांचा चेहरा कसानुसा झाला आणि त्यांनी हात सोडवून घेऊन झटकला. ताकद शिल्लक होती, उलट जरा जास्तच होती. शिल्लक नव्हती ती दुसरीच गोष्ट.

तपासण्या झाल्या. मग डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. तापाशी लढायला शरीराने जे राखणदार बाहेर काढले होते, त्यांनी चोर पळाल्यावर घरच्याच माणसांना चोर समजून बडवलं होतं. मार बसला तो मानेखालच्या ठरावीक मज्जातंतूंना. हुकूम खाली नेणाऱ्या तंतूंना धक्का लागला नव्हता. खालून वर खबर आणणारे जाड तंतू तेवढे गेले होते.

"परत येतील ना?" आतोबांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "खोटी आशा लावत नाही. पण ह्यांना शिकवू शकेल असं माणूस आमच्याकडे आहे."

ते माणूस म्हणजे व्यायामोपचाराच्या बाई. पिकलेले आखूड केस, कोटाच्या खिशात एक रबरी हातोडी. आत्याने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव हातोडीबाई ठेवलं आणि तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठेवा. ह्या आधीचं नाव याहून वाईट होतं."

त्यांनी आत्याच्या गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय ढिम्म. मग आतोबांना बसवून त्यांच्या गुडघ्याखाली मारली. पाय टुणकन उडाला आणि आतोबा दचकले.

"आता हे ऐका," बाई म्हणाल्या, "कारण पुढचं सगळं यावर आहे. स्नायूच्या आत, मांसाच्या तंतूंच्या मधेमधे, बारीक धागे असतात. नखापेक्षा आखूड, केसासारखे बारीक. सुताच्या चातीसारखे, मधे फुगीर आणि टोकांना निमुळते. त्यांचं काम एकच. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने ताणला गेला, हे कळवत राहायचं. मी हातोडी मारली तेव्हा ह्यांच्या मांडीचा स्नायू जरासा ओढला गेला. आतल्या धाग्यांनी लगेच वर्दी दिली. पाठीच्या कण्यातून उलट हुकूम सुटला, आखड. मेंदूला विचारायला कोणी थांबलंही नाही."

"आणि माझे धागे?" आत्याने विचारलं.

"धागे जागेवर आहेत. वर्दी नेणारी वाट तुटलीय."

मग त्यांनी आतोबांना डोळे मिटायला लावले, कोपर वाकवून तळहात पुढे करायला सांगितला आणि त्यावर न सांगता एक जाडजूड पुस्तक ठेवलं. हात किंचित दबला आणि लगेच परत वर आला.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही हो," आतोबा म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच खालून धरलंत."

मग आत्याची पाळी. तिने हाताकडे बघत बघत, मोठ्या कष्टाने तो पुढे केला आणि डोळे मिटले. बाईंनी पुस्तक ठेवलं. हात पुस्तकासकट हळूहळू खाली गेला आणि गादीवर टेकला. आत्या डोळे मिटून वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीचा भाव होता.

"ठेवा ना," ती म्हणाली. "किती वेळ धरून ठेवू?"

आतोबा खिडकीकडे वळले. मी खाली बघितलं. बाईंनी मात्र शांतपणे सांगितलं, "डोळे उघडा." आत्याने गादीवरचा हात पाहिला, त्यावरचं पुस्तक पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं ट्रे हे लोक सांभाळत होते."

"हो."

"आणि मी कधी त्यांची साधी विचारपूस केली नाही."

बाईंकडे पाठीला मालिश करायचं थरथरणारं एक यंत्र होतं. पुढच्या खेपेला त्यांनी ते आतोबांच्या वाकवलेल्या हाताच्या दंडाला पुढून, कोपराच्या जरा वर, स्नायू जिथे निमुळता होतो तिथे टेकवलं. डोळे मिटलेले. "हा हात जिथे आहे असं वाटतं तसाच दुसरा हात ठेवा," त्या म्हणाल्या. आतोबांचा दुसरा हात सावकाश सरळ होत गेला. डोळे उघडले तर यंत्राखालचा हात वाकलेलाच होता आणि दुसरा लांब पसरलेला.

"थरथरीने धागे फसतात," बाई म्हणाल्या. "त्यांना वाटतं स्नायू लांबतोय. ते तसं कळवतात आणि मेंदू त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो."

आत्या पलंगावरून म्हणाली, "माझ्या मेंदूला आता खोटं सांगायलाही कोणी उरलं नाही."

"डोळे आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना ह्या कामाला लावू. जड जाईल, कारण हे त्यांचं काम नव्हे. पण शिकतील."

शिकणं म्हणजे काय, ते आम्ही पुढे बघितलं. उठून बसायचं तर आत्या आधी मनात जुळणी करायची. आधी पोट आखडायचं, मग डोकं पुढे, मग हात. एखादी पायरी चुकली की धाडकन मागे. बसती झाल्यावर पायांकडे बघत उभं राहणं, आणि उभं राहिल्यावर एक पाय उचलताना सगळं वजन दुसरीकडे न्यायला विसरायचं नाही. हे सगळं आपल्याआपण होत असतं, हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं. शिंक आली की ती पडायची, कारण शिंकताना डोळे मिटतात. तोंड धुताना पडायची, त्याचंही कारण तेच. कोणी विनोद केला की जवळचं काहीतरी धरून मग हसायची.

चालता चालता बोलणं तर बंदच झालं. सगळं लक्ष पायांवर. बोलायचं तर बसून, चालायचं तर मुकाट्याने. आतोबा एकदा म्हणाले, "लग्नात मागून घेतलं असतं तरी हे मिळालं नसतं." आत्या आधी खुर्चीपर्यंत पोचली, नीट टेकून बसली आणि मग त्यांना जे सुनावायचं ते सुनावलं.

तिला ऊन-गार कळत होतं, टोचलेलं कळत होतं. त्या तारा वेगळ्या, बारीक, त्या वाचल्या होत्या. आतोबांनी दवाखान्यात पहिल्यांदा तिच्या हाताला गरम कप लावला तेव्हा ती म्हणाली, "कप नाही कळत. ऊब कळते." मग म्हणाली, "चालेल. ऊबच तर हवी असते." माझ्या आठवणीत तिथून तिचं ते सुरू झालं, काय गेलं याच्याआधी काय उरलं ते बोलून दाखवणं. रडायची नाही असं नाही. पण रडून झालं की डोळे पुसताना म्हणायची, "ह्यांना जपायला पाहिजे, आता घर ह्यांच्यावर चालतंय."

घरी आल्यावर आतोबांनी त्यांचं काम सुरू केलं. नळाचे पाइप कापून, वाकवून त्यांनी भिंतींना कठडे बसवले. पलंगापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत, ओट्याला वळसा घालून परत. घर बोटीच्या इंजिनखोलीसारखं दिसायला लागलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "एवढं पाणी जातं तरी कुठे?" आतोबा म्हणाले, "पाणी नाही जात, बायको जाते."

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. एका संध्याकाळी आत्या ओट्याशी उभी होती आणि वीज गेली. नुसता अंधार झाला, बाकी काही नाही. पण दिसेनासं झालं तसं तिच्या शरीराला पाय कुठे, गुडघे कुठे, काहीच ठाऊक राहिलं नाही. दोरी कापावी तशी ती खाली आली. कपाळाला खोक पडली. आतोबांनी तिला उचललं, टाके घालून आणले, आणि पुढच्या काही दिवसांत प्रत्येक खोलीत बॅटरीवर आपोआप लागणारा दिवा बसवला. न्हाणीत दोन, एक बिघडला तर असावा म्हणून. एवढ्यावर थांबले नाहीत. रोज संध्याकाळी मुख्य बटण बंद करून सगळे दिवे लागतात की नाही ते बघायचे, आत्याला आधी बसवून. असे दिवस कितीतरी गेले, पण ते एकदाही विसरले नाहीत.

त्यांच्यातही एक बदल झाला. सकाळी खुर्चीतून उठताना ते आपल्या गुडघ्यांवर थाप मारून "चला बाबांनो, उपकार आहेत" असं पुटपुटायला लागले. आत्याने ऐकलं तेव्हा आधी हसली, पण नंतर चेष्टा केली नाही.

हाताची पकड शिकायला अंडी होती. अंड्यावर बोटं किती दाबायची हे कळायचं नाही, नजरेने बघेपर्यंत कवच फुटलेलं असायचं. त्या दिवसांत आम्ही इतकं आम्लेट खाल्लं की मला अजून त्याचा वास नको वाटतो. पुढे तिने स्वतःच एक युक्ती काढली. कागदी पेला धरताना ती कान द्यायची. कागद कुरकुरला की पकड जास्त, घसरायला लागला की कमी. हातोडीबाईंना हे सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या रुग्णांनाही त्यांनी कागदी पेले द्यायला सुरुवात केली.

ती काठी घेऊन रस्त्यापर्यंत जाऊ लागली तेव्हा खाणावळीचे मालक घरी आले. मालक तोंडाचे फटकळ म्हणून प्रसिद्ध होते. ते कठड्यांकडे बघत जरा वेळ बसले आणि म्हणाले, "खिडकीजवळचं टेबल रिकामं ठेवलंय. रुमाल दुमडायला, चमचे पुसायला, टेबलं कोणी कशी मांडली ते बघायला कोणीतरी लागतं."

"ट्रे नाही जमायचा," आत्या म्हणाली.

"ट्रे मागितला का मी? आणि तिथे एक जादा ट्यूबलाइट लावलीय. उगीच अंधाराचं कारण सांगू नकोस."

पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले होते. ती आत शिरली तेव्हा दुपारची गर्दी होती. ती पायांकडे बघत, एकेक पाऊल ठेवत चालली होती आणि समोरून खुर्च्या सरकत होत्या, आपसूक वाट होत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी चुकचुकलं नाही. ती खिडकीशी बसेपर्यंत सगळे जरा हळू जेवले, इतकंच. बसल्यावर तिने मान वर केली आणि रोजच्या एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुमच्या सदऱ्याला सूप लागलंय. मी नव्हते म्हणून चाललं होतं वाटतं असलं." मग खाणावळ नेहमीच्या आवाजात सुरू झाली. आचारी झुलत्या दाराआड उभा राहून डोळे पुसत होता, ते मी पाहिलं.

यथावकाश माझं लग्न झालं. घर दोन गल्ल्या सोडूनच घेतलं. मुलगी झाली. आत्या रोज संध्याकाळ व्हायच्या आत यायची, पाळण्याशी बसायची, तिच्याशी तासन्‌तास बोलायची, पण तिला घ्यायची नाही. मी पुढे केली की हात मागे न्यायची.

"माझे हात मला विचारून दाबत नाहीत," ती म्हणायची.

"अंडं जमलं ना आता?"

"अंडं वळवळत नाही. आणि अंडं फुटलं तर आम्लेट होतं."

मी आग्रह सोडून दिला.

मग एकदा मलाच ताप भरला. नवरा कामावर, आत्या-आतोबा सोबतीला आलेले. भर दुपार होती. मुलगी रडून लालबुंद झाली होती आणि मला उभंही राहवेना. आतोबांनी तिला घेऊन येरझाऱ्या घातल्या, पण त्यांच्या खांद्यावर ती जास्तच रडे. शेवटी आत्या म्हणाली, "गादी खाली घाला."

ती भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच्या गादीवर बसली. दोन्ही कुशींना उशा रचून घेतल्या, मांडीवर एक. पडदे पूर्ण उघडायला लावले. मग आतोबांना म्हणाली, "द्या. डोकं डाव्या कोपरावर. आणि तुम्ही जाऊ नका." आतोबांनी मुलीला उशीवर ठेवलं. आत्याने आधी डाव्या हाताकडे बघितलं, तो आणून डोक्याखाली लावला. मग उजव्या हाताची बोटं एकेक करून बघत बघत दुपट्यावर टेकवली. मुलीने अंग ताणलं तर आत्याचा हात मागे पडला. तिने तो परत आणला. असं किती वेळा झालं कोण जाणे. मी पलंगावरून बघत होते आणि बघता बघता झोपून गेले.

जाग आली तेव्हा खोलीत ऊन तिरपं झालं होतं. मुलगी गाढ झोपली होती, ओठ जरासे उघडे. आत्या तशीच बसली होती, मान खाली, नजर मुलीवर आणि आपल्या बोटांवर. डोळे लाल झाले होते. समोर आतोबा मांडी घालून बसले होते आणि लख्ख उजेडात त्यांनी हातातला टॉर्च पेटवून तिच्या मांडीवर धरला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"ढग आला तर," आतोबा म्हणाले.

मी उठून मुलीला उचलून घेतलं. आत्याने तरीही लगेच नजर काढली नाही, हात रिकामे झाल्याचं तिला बघूनच समजायचं होतं. मग तिने मान वर केली आणि कण्हली. मानेपासून वरचं तिचं सगळं शाबूत होतं, तिथले धागे अजून तिच्याशी बोलत होते.

"मान अशी आखडलीय," ती म्हणाली, "की विचारू नकोस." आणि इतक्या समाधानाने म्हणाली की मला आधी ती तक्रार आहे हे कळलंच नाही. पुढे म्हणाली, "वजन नाही कळलं गं तिचं. पण गरम होती. पोटाला सगळी ऊब लागत होती." आतोबांनी टॉर्च बंद केला आणि चहा ठेवायला गेले.

त्यानंतर ती रोज घ्यायला लागली, बसून, उजेडात, आतोबांच्या देखरेखीखाली. मुलीला वाटायचं, घेतल्यावर सगळीच माणसं अशी टक लावून बघतात. इतर कोणी घेऊन दुसरीकडे बघितलं की ती हनुवटी धरून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवायची.

आता ती पाच वर्षांची आहे. घरामागे मोकळी जागा आहे, खडबडीत, कुठे दगड, कुठे गवताचे झुबके. काल आत्या तिथे खुर्चीत बसली होती आणि आम्ही दोघी, म्हणजे मी आणि हातोडीबाई, शेजारी. बाई आता निवृत्त झाल्यात, रविवारी चहाला येतात. मुलगी चेंडू घेऊन पळत होती. पळताना मागे वळून आमच्याशी काहीतरी मोठमोठ्याने बोलत होती, एक पाय दगडावर, दुसरा खड्ड्यात, तोंड भलतीकडे, आणि पडत नव्हती.

आत्याने खुर्चीचा हात धरला आणि हसायला लागली.

"बघितलंत?" ती हातोडीबाईंना म्हणाली. "पायांकडे बघतसुद्धा नाही ती."

"नाही बघत," बाई म्हणाल्या.

"बोलतेय काय, पळतेय काय. सगळं एकदम." आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "तिला हाक मारू नकोस गं. पळू दे."